निघायची तारीख पाखराच्या रक्तात

पूर्वा नक्षत्र लागलं की माझे पाय आपोआप ओढ्याकडे वळतात. ऑगस्ट संपत आलेला असतो, पाणी अजून गढूळ असतं, आणि एखाद्या सकाळी ओल्या दगडावर तो दिसतो: करडा धोबी. राखी पाठ, पोटाला हळदीचा हात पुसल्यासारखा रंग आणि एक क्षणही स्थिर न राहणारी शेपटी. हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे उन्हाळा काढून तो हिवाळ्यासाठी आपल्याकडे उतरतो. गणपती कधी ऑगस्टच्या अखेरीस बसतात, कधी सप्टेंबरच्या मध्यानंतर. धोब्याला तिथीचं सोयरसुतक नाही. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, तसाच तोही सूर्याच्या हिशोबाने येतो.

मूठभर आकाराच्या या जिवाला 'आता निघ' असं सांगतं कोण? थंडी पडली म्हणून निघाला म्हणावं, तर बरेच छोटे पक्षी थंडी पडायच्या कितीतरी आधी, खायला मुबलक असतानाच निघतात. आईबापांनी शिकवलं म्हणावं, तर अनेक जातींची पिल्लं पहिला प्रवास एकेकटी करतात, तोही रात्री. जून महिन्यात अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू दोन-तीन महिन्यांनी एका रात्री उठतं आणि कधीही न पाहिलेल्या खंडाकडे निघतं. म्हणजे तारीख बाहेरून मिळत नसावी, ती आतच असावी.

तारीख आत असणं म्हणजे काय, हे आपल्या भातशेतकऱ्याला फोड करून सांगावं लागत नाही. कोकणात, मावळात भाताच्या जाती हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा असतात. हळवं भात लवकर निसवतं, गरवं उशिरा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खाचरात लावा, पाणी तेच, ऊन तेच; तरी हळवं आधी तयार होणार. म्हणजे फरक खाचरात नाही, बियाण्यात आहे. पक्ष्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी जे केलं, ते नेमकं हेच होतं: वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं आणायची, एकाच खोलीत, एकाच उजेडात, एकाच खाण्यावर वाढवायची, आणि वेळ आली की कोण कधी अस्वस्थ होतं ते बघायचं.

ही अस्वस्थता पिंजऱ्यात पक्षी पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. एरवी दिवसा हिंडून रात्री गाढ झोपणारा पक्षी स्थलांतराचा हंगाम आला की रात्रभर जागा राहतो. या दांडीवरून त्या दांडीवर उड्या मारतो, मध्येच बसल्या जागी पंख थरथरवतो. जर्मन भाषेत याला त्सुगउनरुहे म्हणतात. 'त्सुग' म्हणजे स्थलांतर, 'उनरुहे' म्हणजे अस्वस्थता. मी याला सरळ चुळबुळ म्हणते. या चुळबुळीची मोठी सोय ही, की ती मोजता येते. दांडीखाली एक बारीक खटका बसवायचा. पक्षी दांडीवर उतरला की खटका दाबला जातो आणि यंत्रावर एक खूण उमटते. सकाळी येऊन बघायचं, रात्रीच्या कोणत्या अर्ध्या तासात किती खुणा पडल्या. चुळबुळ सुरू झाली त्या रात्रीला निघायची तारीख समजायचं आणि ती जितके आठवडे चालली तितका लांबचा प्रवास. रानातल्या पक्ष्यांशी हा हिशोब चांगला जुळतो: आफ्रिकेत खोलवर जाणाऱ्या जाती पिंजऱ्यात जास्त दिवस चुळबुळतात, भूमध्य समुद्रापर्यंतच जाणाऱ्या कमी दिवस.

या अभ्यासाचा खरा नायक आहे ब्लॅककॅप. युरोपातला हा वटवट्या वीसेक ग्रॅम वजनाचा असतो. नराच्या डोक्यावर काळी टोपी, मादीच्या तपकिरी. यातले काही लांब जातात, काही जवळ जातात, काही जागचे हलतही नाहीत. दक्षिण जर्मनीतले ब्लॅककॅप हिवाळ्यात निघून जातात. आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोरच्या कॅनरी बेटांवरचे मात्र तिथेच राहतात. जर्मनीत रॅडॉल्फझेल इथल्या पक्षी संशोधन केंद्रात पेटर बेर्टहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघांची जोडी लावली. 1981 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. जर्मन पिल्लं भरपूर चुळबुळली, कॅनरीवाली अगदी थोडी आणि संकरातली पिल्लं बरोबर त्यांच्या मध्ये. या पिल्लांना कोणी काही शिकवलं नव्हतं. त्यांनी घेतलं ते आईबापांच्या रक्तातूनच.

पुढे आंद्रेआस हेल्बिग यांनी दिशेच्या बाबतीत असाच प्रयोग केला. जर्मनीतले ब्लॅककॅप नैर्ऋत्येला जातात, पूर्व ऑस्ट्रियातले आग्नेयेला. त्यांच्या संकरातली पिल्लं पिंजऱ्यात दक्षिणेकडे तोंड करून धडपडायला लागली. आईची वाट एक, बापाची दुसरी, आणि पोराच्या नशिबी थेट आल्प्स आणि समुद्र! मला हा प्रयोग वाचताना दर वेळी त्या पिल्लांसाठी जीव तुटतो.

इथे एक शंका घ्यायला हवी. संकराचं पिल्लू मधलं निघालं, म्हणून निघायची वेळ अनेक जनुकं मिळून ठरवतात असं लगेच म्हणता येत नाही. शाळेत आपण गुलबक्षीचं उदाहरण शिकलो आहोत: लाल आणि पांढऱ्या फुलांचा संकर गुलाबी येतो, आणि तिथे जनुकाची एकच जोडी असते. मग एक की अनेक, हे कळायचं कसं? निवड करून. शेतकरी चांगल्या कणसाचं बी राखतो, तशी.

बेर्टहोल्ड यांनी दक्षिण फ्रान्समधले ब्लॅककॅप घेतले. त्यांच्यात साधारण 75 टक्के पक्षी स्थलांतर करणारे होते, बाकीचे मुक्कामी. चुळबुळणाऱ्यांची जोडी चुळबुळणाऱ्यांशी आणि निवांत असणाऱ्यांची निवांतांशी, असं पिढ्यानपिढ्या लावत गेले. तीन पिढ्यांत एका बाजूचे सगळेच्या सगळे स्थलांतर करणारे झाले. दुसऱ्या बाजूला सहाव्या पिढीपर्यंत सगळे मुक्कामी. आकडा पायरी पायरीने सरकत गेला. एकाच जनुकाचा खेळ असता, तर तो एकदम इकडून तिकडे गेला असता. एका कुटुंबातल्या मुलांच्या उंचीसारखं हे आहे: उंचीचं एक जनुक नसतं, शेकडो जनुकांचा थोडा थोडा हातभार असतो, म्हणून सगळी भावंडं उंचीच्या दोन गटांत न पडता शिडीसारखी उभी राहतात.

खास निघण्याच्या तारखेवरचा प्रयोग फ्रान्सिस्को पुलिदो आणि बेर्टहोल्ड यांनी 2001 मध्ये मांडला. दर पिढीत जे पक्षी उशिरा चुळबुळायला लागले, फक्त त्यांचीच पिल्लं पुढे वाढवली. दोनच पिढ्यांत संपूर्ण गटाची निघायची सरासरी तारीख एका आठवड्याहून जास्त पुढे गेली. हळव्या बियाण्यातून दोन हंगामांत निमगरवं निघावं, तसं.

याच अभ्यासात तारखेची आनुवंशिकता ढोबळमानाने 40 टक्क्यांच्या आसपास निघाली. या आकड्याचा अर्थ बरेचदा चुकीचा लावला जातो. एका पक्ष्याची तारीख 40 टक्के जनुकांनी आणि 60 टक्के हवामानाने ठरते, असं त्यात म्हटलेलं नाही. गटातले काही पक्षी लवकर निघतात, काही उशिरा. या आपसातल्या फरकापैकी किती वाटा जनुकांतल्या फरकाचा आहे, ते हा आकडा सांगतो. एका पक्ष्याबद्दल तो काहीच सांगत नाही. पण गट किती वेगाने बदलू शकेल, हे मात्र त्यावरून कळतं. फरकच नसेल तर निवडणार काय? सगळं बी एकसारखं असलेल्या कणगीतून वेगळी जात निघत नाही.

आता जरा घड्याळाकडे वळू. तारीख रक्तात आहे म्हणजे नेमकं काय आहे? 1960 च्या दशकात एबरहार्ट ग्विनर यांनी विलो वटवट्यांना बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या खोलीत ठेवलं. बाहेर ऋतू बदलत होते, आत काहीच बदलत नव्हतं. तरीही पक्ष्यांची पिसं वेळच्या वेळी गळली, नवी आली, अंगावर चरबी चढली, चुळबुळ सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. पुढे इतर वटवट्यांवरही असे प्रयोग झाले, काही तर कित्येक वर्षं चालले. त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट अशी, की आतलं वर्ष 365 दिवसांचं नव्हतं. बऱ्याचदा ते दहा महिन्यांच्या आसपास भरलं. पक्ष्यांना बाहेरचा काही सुगावा लागत असता, तर त्यांचं वर्ष बरोबर 365 दिवसांचं झालं असतं. ते चुकत गेलं, यातच ते त्यांचं स्वतःचं आहे हा पुरावा आहे.

पुढे पळणारं घड्याळ रोज कोणीतरी लावावं लागतं. पक्ष्याचं घड्याळ लावतो सूर्य, दिवसाच्या लांबीने. 1920 च्या दशकात कॅनडात एडमंटनला विल्यम रोवन यांनी जुंको नावाच्या छोट्या पक्ष्यांना कडाक्याच्या थंडीत उघड्या पिंजऱ्यात ठेवलं आणि रोज संध्याकाळी दिवे थोडे थोडे जास्त वेळ लावले. बाहेर बर्फ असताना त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत आला, त्यांची जननेंद्रियं वाढली. थंडीचं काही चाललं नाही, उजेडाचं चाललं.

हा उजेड पक्षी फक्त डोळ्यांनी मोजत नाही. अमेरिकेत मायकेल मेनाकर यांनी चिमण्यांवर केलेले प्रयोग वाचताना मी दोनदा थांबले होते. दृष्टी नसलेल्या चिमण्यांनाही दिवस मोठा झाल्याचं कळत होतं. डोक्यावरची पिसं काढली तर जास्त कळायचं, कातडीखाली काळी शाई भरली तर कमी. उजेड चिमणीच्या पातळ कवटीतून आरपार जाऊन मेंदूतल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतो. आपल्या माळ्यावरची चिमणी डोक्याने ऊन मोजते, हे एकदा कळल्यावर मी तिच्याकडे पूर्वीसारखं बघू शकले नाही.

घड्याळ आतलं आणि चावी सूर्याची, ही विभागणी फार उपयोगी पडते. उशिरा जन्मलेल्या ब्लॅककॅपच्या पिल्लाला आधीच लहान होत चाललेले दिवस दिसतात. ते आपली पिसं भराभर बदलतं आणि कमी वयातच निघायला तयार होतं. म्हणजे जनुकं भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी एकच तारीख छापून ठेवत नाहीत. 'दिवस इतका लहान झाला की इतक्या वेगाने तयारी कर' असा नियम ती देतात, आणि हा नियम प्रत्येक पक्ष्याचा थोडा थोडा वेगळा असतो. उलट, हिवाळ्यात विषुववृत्ताजवळ राहणाऱ्या पक्ष्याला दिवसाच्या लांबीत फारसा फरक दिसतच नाही. घरी परतायची वेळ झाली हे त्याला मुख्यतः आतल्या घड्याळावरूनच कळतं. युरोपातल्या वसंताला पोहोचायचं, पण युरोपात वसंत आलाय की नाही ते आफ्रिकेतून दिसत नाही. पुढची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

ती बघायच्या आधी, जनुकं सापडली का या प्रश्नाचं उत्तर देते. थोडीफार. 'क्लॉक' नावाचं एक जनुक प्राण्यांच्या रोजच्या घड्याळाचा भाग आहे. त्यात एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो आणि त्या पुनरावृत्त्यांची संख्या पक्ष्यापक्ष्यात वेगळी असते. काही जातींत या संख्येचा वीण लवकर किंवा उशिरा सुरू होण्याशी संबंध दिसला, काहींत दिसला नाही. 2011 मध्ये ब्लॅककॅपमध्ये एडीसीवायएपी 1 या जनुकात अशीच लांब-आखूड पुनरावृत्ती सापडली: तुकडा जितका लांब, तितकी चुळबुळ जास्त. बातमी मोठी झाली. पण हे जनुक चुळबुळीतल्या एकूण फरकापैकी जेमतेम दोन-तीन टक्क्यांचाच हिशोब देतं. नंतर शंभराहून जास्त ब्लॅककॅपचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले, तेव्हा जाणारे आणि राहणारे यांच्यातला फरक अगदी थोडा, जनुकसंचाच्या मोजक्या भागांत दिसला. माझ्या मते यात निराश होण्यासारखं काही नाही. निवडीच्या प्रयोगांनी जे आधीच सांगितलं होतं, त्याच्याशी हे जुळतं: भिशीत प्रत्येकाची रक्कम छोटीच असते, म्हणून भिशी लहान होत नाही. 'स्थलांतराचं जनुक सापडलं' अशा मथळ्यांवर मात्र मी विश्वास ठेवत नाही.

शिवाय ही जनुकं सुटी सुटी चालत नाहीत. उशिरा निघणारे निवडले, तर त्यांची चुळबुळही कमी होते. एक धागा ओढला की सोबत दुसरा येतो. म्हणूनच निसर्गात बदल कधी कधी अनपेक्षित वेगाने होतो. 1960 च्या दशकापासून ब्रिटनमध्ये हिवाळ्यात ब्लॅककॅप वाढत्या संख्येने दिसू लागले. ते तिथलेच असावेत असं वाटेल, पण ते मध्य युरोपातून आलेले होते. 1992 मध्ये बेर्टहोल्ड, हेल्बिग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ब्रिटनमध्ये पकडलेल्या या पक्ष्यांची जर्मनीत जन्मलेली पिल्लंही पिंजऱ्यात वायव्येकडेच तोंड करतात. नवी वाट काही दशकांतच रक्तात उतरली होती. तारखेचा खेळ इथेही आहे: ब्रिटनहून परतायचं अंतर कमी, म्हणून ते पक्षी वसंतात आधी पोहोचतात, आधी आलेल्यांशीच जोडी जमवतात, आणि त्यांची जनुकं आपसांत टिकून राहतात. एकाच रानात घरटी करणारे दोन गट फक्त येण्याच्या वेळेमुळे वेगळे पडू लागतात.

आता ती अडचण. युरोपात झाडांना पालवी लवकर फुटायला लागली आहे, पालवीवरच्या अळ्या लवकर येऊन लवकर संपतात. काळा-पांढरा माशीमार पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतो आणि अळ्यांवर पिल्लं वाढवतो. 2001 मध्ये क्रिस्टियान बोथ आणि मार्सेल फिसर यांनी नेदरलँडमधल्या या पक्ष्यांबद्दल दाखवलं की त्यांनी अंडी लवकर घालायला सुरुवात केली होती, पण पोहोचण्याची तारीख तशीच राहिली होती. म्हणजे येऊन दम खायचा वेळच त्यांनी कापला होता, आणि तोही पुरत नव्हता. 2006 मधल्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात, जिथे अळ्यांचा बहर सगळ्यात आधी येतो तिथली माशीमारांची संख्या दोन दशकांत सुमारे 90 टक्क्यांनी घटलेली आढळली.

मग हे घड्याळ बदलतच नाही का? याचं उत्तर मला या सगळ्या विषयातल्या सर्वात देखण्या प्रयोगातून मिळालं. ग्विनर यांनी 1981 मध्ये दक्षिण जर्मनीतल्या माशीमारांची पिल्लं वाढवून त्यांचं वार्षिक घड्याळ नोंदवून ठेवलं होतं. 21 वर्षांनी, 2002 मध्ये, तोच प्रयोग पुन्हा केला गेला: तीच जात, तेच संगोपन, तसाच उजेड. बार्बरा हेल्म आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली. 2002 च्या पक्ष्यांचं वसंताचं घड्याळ सुमारे 9 दिवस अलीकडे आलं होतं. खोलीत हवामान बदललं नव्हतं, उजेड बदलला नव्हता. बदललं होतं ते पक्ष्यांच्या आतलं बी. त्याच काळात रानातल्या माशीमारांची अंडी घालायची तारीख 11 दिवस अलीकडे आली होती.

नऊ दिवस सरकायला बारा-तेरा ग्रॅमच्या पाखरांच्या किती पिढ्या खपल्या असतील, उशिरा येणाऱ्यांची किती घरटी उपाशी राहिली असतील, याचा विचार मी टाळू शकत नाही. निवड या कोरड्या शब्दाचा अर्थ तोच आहे.

अलीकडे संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकलं. नेदरलँडमधल्या माशीमारांच्या माद्या त्यांनी शेकडो किलोमीटर उत्तरेला, स्वीडनमध्ये नेल्या. तिथे वसंत अजून उशिरा येतो, पण तोही आता अलीकडे सरकतोय. त्या माद्यांची पिल्लं स्वीडनमध्ये जन्मली, आफ्रिकेला जाऊन आली, आणि स्थानिक स्वीडिश माशीमारांच्या आधी घरट्याला लागली. घड्याळ आईकडून आलेलं, नेदरलँडचं. काहींचा बाप स्वीडिश होता, ती पिल्लं दोघांच्या मध्ये बसली. बदललेल्या वसंतात या लवकरच्या पक्ष्यांनी स्थानिकांपेक्षा जास्त पिल्लं वाढवली. पाऊस लवकर उघडीप द्यायला लागला की वरकस जमिनीचा शेतकरी गरवं सोडून शेजारच्या गावातून हळव्याचं बी आणतो. माशीमारांना ते बी स्वतःच्या पंखांवर आणावं लागतं, आणि एखादा नेदरलँडवाला वाट चुकून उत्तरेला उतरला तर तो ते आणतोही.